वक्तृत्वाचा तास कोणाचा

शैक्षणिक वर्षाच्या दुसऱ्या सत्रातील शेवटच्या शनिवारी, दुपारी, शाळेच्या तळमजल्यावरील सभागृहात, मुख्याध्यापिका, शिक्षकवर्ग, पालक आणि वरच्या वर्गांचे सर्व विद्यार्थी यांच्या उपस्थितीत वक्तृत्व आणि अभिनय या दोन विषयांची एकत्रित परीक्षा घेण्यात आली. यांतील ‘एकत्रित’ हा शब्द मास्तरांना मान्य नव्हता. सूचनाफलकावर तो प्रथम वाचला तेव्हाच त्यांनी खिशातली पेन्सिल काढून त्याखाली रेघ मारली होती आणि समासात प्रश्नचिन्ह काढले होते. सूचनाफलकावरचे कागदही तपासून परत करायचे असतात अशी त्यांची समजूत आहे, असे शिक्षकांच्या खोलीत म्हटले जाई.

मास्तर भाषा शिकवत. भाषा शिकवणारे शाळेत आणखीही होते, पण ते ती विसरायला शिकवतात असे मास्तरांचे मत होते आणि ते त्यांनी कधी लपवले नव्हते. त्यांचे खरे राज्य म्हणजे वक्तृत्वाचा तास. जिन्याखालच्या लांबट खोलीत, आठवड्यातून एकदा, निवडक विद्यार्थी त्यांच्या हाती सोपवले जात. विद्यार्थ्याने टाचा, पाठ आणि डोक्याचा मागचा भाग भिंतीला टेकवून उभे राहायचे. आडवी पेन्सिल दातांत धरून परिच्छेद वाचायचा, मग ती काढून तोच परिच्छेद पुन्हा वाचायचा. अर्ध्या श्वासाला कागदावर एक तिरकी रेघ, पूर्ण श्वासाला दोन. रेघ नसलेल्या जागी जो श्वास घेई त्याला मास्तर विचारत, “बुडत होतास का?” हातवारे वर्ज्य. ते होऊ नयेत म्हणून दोन्ही काखांत एकेक जाड शब्दकोश. प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणे हा गुन्हा, कोणी ‘हो’ म्हटले की मास्तर म्हणत, “पूर्ण वाक्यात.” आणि सर्वांत शेवटी मास्तर स्वतः भाषण म्हणून दाखवत. ते मुलांनी तसेच्या तसे उचलायचे, काना, मात्रा, वेलांटीसकट. मग मास्तर शेवटच्या बाकावर जाऊन डोळे मिटून बसत आणि ऐकत. वक्ता दिसू लागला की ऐकू येईनासा होतो, हा त्यांचा सिद्धांत होता.

या पद्धतीत एक गोष्ट अशी होती की जी शाळेतल्या पहिलीतल्या मुलालाही माहीत होती आणि मास्तरांना नव्हती. वजनदार वाक्य आले की ते त्याआधी घसा साफ करत. तो आवाज दोन सुरांत निघे, खालून वर, गंजलेल्या फाटकासारखा. आणि त्याबरोबर कोपर अंगाशी घट्ट धरून ते करंगळीने चष्मा नाकावर सरकवत. स्वतःच्या घरातल्या घड्याळाची टिकटिक जशी घरच्यांना ऐकू येत नाही, तसा हा आवाज त्यांच्या कानांतून केव्हाच वजा झाला होता.

त्या वर्षाच्या आरंभी शाळेत एक नाट्यप्रशिक्षक आला. वय मास्तरांच्या निम्मे, गळ्यात उन्हाळ्यातही मफलर, आणि कर्तृत्व असे की एका मालिकेत तो हवालदार म्हणून दारात येऊन “साहेब, बॉडी सापडली” एवढे बोलला होता. विद्यार्थी त्याला दादा म्हणत. मास्तर त्याला नटवर्य म्हणत, तोंडावर म्हणत, आणि त्या मूर्खाला तो गौरव वाटे. त्याच्या तासाला बाके भिंतीशी ढकलली जात आणि मुले जमिनीवर लोळत. कधी ती झाड होत, कधी पाणी, एकदा तर पोती झाली होती. दहावीचा एक दांडगा मुलगा पोते होऊन कोपऱ्यात पडला तो खरोखरच झोपला, आणि नटवर्यांनी बाकीच्यांना सांगितले, “बघा, याला म्हणतात भूमिकेत शिरणं.”

“सर, तुम्ही मुलांना फार बांधता हो,” तो एकदा शिक्षकांच्या खोलीत चहाचा कप हातात घेऊन म्हणाला. “त्यांना जरा फील करू द्या. आतून येऊ द्या.”

मास्तरांनी घसा साफ केला, चष्मा सरकवला. “आतून काय येते ते डॉक्टरांना विचारावे. माझा विषय तोंडातून काय येते हा आहे.”

खोलीत हशा पिकला. नटवर्यही हसला, आणि डोके एका बाजूला झुकवून मास्तरांकडे बघत राहिला, माळी एखाद्या अनोळखी रोपट्याकडे बघतो तसा. “सर, तुम्ही भारी आहात,” तो म्हणाला. “तुम्हाला एकदा स्टेजवर आणलं पाहिजे.”

“मी स्टेजवर जात नाही. मी माणसे पाठवतो.”

पण पालकांना पोती आवडली. पोती झालेली मुले घरी हसत जात, आणि मास्तरांची मुले घरी आईला पूर्ण वाक्यात उत्तरे देत, हे बऱ्याच आयांना सहन होईना. मुख्याध्यापिकांनी, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, मास्तरांना बोलावून घेतले.

“तुमच्या मुलांनी किती ढाली आणल्यात ते मला ठाऊक आहे, सर. पण पालक विचारतात, मुलं मोकळी कधी होणार?”

“मोकळी गुरे होतात, बाई. मुले तयार होतात.”

“हेच तुम्ही पालकसभेत बोललात. म्हणून तर ही वेळ आली.” मोठ्या बाईंनी समोरची फाइल बंद केली. “पुढच्या वर्षी वेळापत्रकात जागा एकाच तासाला आहे. वक्तृत्व म्हणा, अभिनय म्हणा, तास एक आणि माणूस एक. सत्र संपताना दोन्ही गट समोरासमोर येतील. बाहेरून परीक्षक बोलावते. ज्याचा गट वर, तास त्याचा. दुसऱ्याला ग्रंथालय.”

“त्या नटवर्याला ग्रंथालय? पुस्तकाला तो उशी समजेल.”

“तो बाहेरचा आहे, सर. हरला तर आपल्या घरी जाईल. ग्रंथालय तुमच्यासाठी आहे.”

मास्तर उठले ते ताठ उठले. पण जिना उतरताना त्यांनी कठडा धरला. ग्रंथालय म्हणजे वरच्या मजल्यावरची ती खोली, जिच्या दारावर ‘शांतता राखा’ असे लिहिले होते. बोलणे शिकवण्यात ज्याचा जन्म गेला त्याला त्या पाटीखाली बसवणे ही मोठ्या बाईंची क्रूर थट्टा आहे की नुसताच विचारांचा अभाव, यावर ते घरी पोचेपर्यंत स्वतःशी वाद घालत राहिले, आणि विचारांचा अभाव या निष्कर्षावर आले.

घरी त्यांची धाकटी बहीण आणि भाची असत. मेहुणा दूरच्या शहरात नोकरीला होता, त्यामुळे भाची मामाच्या घरी वाढली आणि मामाच्याच शाळेत नववीत होती. घरी ती त्यांना “मामा, तू” म्हणे. शाळेचे फाटक आले की नाते संपे. आत “सर, तुम्ही”. हा नियम मास्तरांचा होता आणि फाटकाच्या नेमक्या कोणत्या बाजूला तो लागू होतो याचाही निर्णय त्यांनी केलेला होता. एकदा भाचीने एक पाय आत, एक पाय बाहेर ठेवून विचारले होते, “आता काय म्हणू?” त्यावर बहीण हसून हसून दमली. मास्तर हसले नाहीत. प्रश्न त्यांना योग्य वाटला होता.

स्पर्धेसाठी त्यांनी चौघांना निवडले. पहिला लंबू, ज्याला काखेतल्या शब्दकोशांसकट उभा केला की तो घडीच्या शिडीसारखा दिसे. दुसरा भोंगा, त्याचा आवाज फुटत होता आणि एकाच वाक्यात त्याच्या तोंडून बाप आणि लेक दोघेही बोलत. तिसरी पुटपुट, जिचे ओठ हलत पण मजकूर पोचत नसे. चौथी भाची. ती भाची म्हणून नव्हती. बाकीचे अर्ज याहून वाईट होते म्हणून होती, असे मास्तरांनी तिला स्पष्ट सांगितले. भाषण मास्तरांनी लिहिले, चार भागांत, प्रत्येकाला एक भाग. विषय: स्वतंत्र विचाराची गरज.

तालमी सुरू झाल्या. मास्तर म्हणून दाखवत, “आजचा विद्यार्थी,” अर्धा श्वास, “दुसऱ्याने चावून दिलेले विचार,” घसा, चष्मा, “गिळतो!” आणि चारही मुले भिंतीला टेकून, काखांत कोश घेऊन, ते वाक्य पुन्हा म्हणत. एके दिवशी भाचीने हात वर केला.

“सर, मधे मधे तुम्ही जे करता, ते पण करायचं का? म्हणजे ते जे—”

“जे मी करतो ते सगळे करायचे,” मास्तरांनी तिला तिथेच तोडले. “त्यातून काय घ्यावे आणि काय टाकावे हे ठरवण्याइतकी अक्कल तुम्हाला अजून आलेली नाही. ती आली की मी कळवीन.”

“पण सर, ते—”

“सगळे म्हणजे काय, हे पूर्ण वाक्यात सांग.”

“सगळे म्हणजे सगळे होय, सर,” भाची म्हणाली आणि हात खाली घेतला. लंबूने भोंग्याकडे पाहिले. भोंग्याने पुटपुटकडे पाहिले. मास्तर तोवर शेवटच्या बाकावर जाऊन डोळे मिटून बसले होते.

या मुलांनी पुढे जे केले ते खोडी म्हणून केले की आज्ञा म्हणून, याविषयी शाळेत बराच काळ दोन पक्ष होते. वाद निरर्थक आहे. चौदा वर्षांच्या मुलाला आज्ञा आणि खोडी एकाच वाक्यात सापडली तर तो त्यांत फरक करत बसत नाही, आणि त्याने तो करावा अशी अपेक्षा मास्तरांसारखा माणूसच करील.

परीक्षक म्हणून आलेल्या बाईंचे नाव ऐकताच मास्तरांनी निकाल लागल्याचे गृहीत धरले. बाई म्हणजे रेडिओवरून वर्षानुवर्षे बातम्या देणाऱ्या निवेदिका. तरुणपणी मास्तर आरशासमोर उभे राहून त्यांच्याबरोबर बातम्या म्हणत. बाई जिथे थांबत तिथे थांबत. पुराच्या बातमीतही ज्यांचे एक जोडाक्षर ओले झाले नाही, अशा त्या बाई. आता त्या पिकल्या केसांच्या, जाड काठीच्या आधाराने चालणाऱ्या होत्या, पण सभागृहात शिरताना त्यांनी दाराशी उभ्या मुलाला “बाजूला हो रे” म्हटले, आणि मास्तरांच्या अंगावर काटा आला. काय तो ‘हो’!

नटवर्यांचा गट आधी होता. पडदा वर गेला. काळ्या बनियनांतली मुले जमिनीवर पडून हात वळवळवत होती. ही नदी होती. तसे आधी जाहीर केले होते, नाहीतर ती अन्नातून झालेली विषबाधा वाटली असती. नदीतून एक मुलगी उठली आणि रंगमंचाच्या डाव्या कोपऱ्यात जाऊन तिने विचारले, “मी कोण आहे?” मग उजव्या कोपऱ्यात जाऊन विचारले, “मी कोण आहे?” मग मध्यभागी गुडघ्यांवर बसून, डोळ्यांत पाणी आणून, तेच.

“हजेरीपट बघ,” मास्तर विंगेत पुटपुटले.

पाणी खरे होते, हे मास्तरांनाही कबूल करावे लागले. पण खरे पाणी नळालाही येते. पहिल्या रांगेतल्या दोन आयांनी रुमाल काढले. नदी समुद्राला मिळाली, म्हणजे मुले एकमेकांच्या अंगावर पडली, आणि टाळ्या झाल्या. नटवर्य विंगेतून जाताना घामाघूम होऊन म्हणाला, “शुभेच्छा, सर,” आणि मास्तर म्हणाले, “पुसून घ्या.”

मग लंबू गेला. मास्तरांनी विंगेतल्या खुर्चीवर बसून डोळे मिटले.

“अध्यक्ष महोदया, परीक्षक महोदया आणि,” अर्धा श्वास, “सुज्ञ श्रोतेहो!” उत्तम. “विचार हा मनुष्याचा अलंकार आहे. परंतु,” इथे लंबूचा घसा वाजला, खालून वर, दोन सुरांत. सभागृहाच्या मागच्या भागात कोणीतरी फिस्सकन हसले. नदीत डुंबून आलेली डोकी, मास्तरांनी मनात म्हटले. लंबू पुढे गेला. दुसऱ्या घशाला नववीची अख्खी रांग हसली, तिसऱ्याला दहावी. मास्तरांनी डोळे अधिक घट्ट मिटले. संस्कार नसलेल्या समुदायापुढे चांगले गद्य नेहमीच हास्यास्पद ठरते, हे त्यांना नवीन नव्हते.

भोंगा गेला. त्याचा घसा दोन सुरांत वाजायचा तो चार सुरांत वाजला, कारण प्रत्येक सुराला बाप आणि लेक दोघेही हजर झाले. या वेळी पालकही हसले. “दुसऱ्याने चावून दिलेले विचार—” भोंगा म्हणाला आणि थांबला, आणि सभागृह श्वास रोखून वाट बघू लागले. मग तो खाकरला, आणि हशाने खिडक्यांच्या काचा वाजल्या. आता मात्र मास्तरांनी डोळे उघडले.

पुटपुट रंगमंचावर होती. तिचे भाषण नेहमीप्रमाणे तिच्या आणि तिच्या हनुवटीच्या मधे चालले होते. पण ठरल्या जागी तिने मान वर केली आणि घसा साफ केला, तो शेवटच्या बाकापर्यंत गेला. आणि कोपर अंगाशी आवळून, करंगळी उभी करून, तिने डोळ्यांवर नसलेला चष्मा नाकावर सरकवला.

मास्तर संतापले. पोरांनी कुठून तरी एक घाणेरडी सवय उचलली होती आणि खरजेसारखी एकमेकांना लावली होती. तीही नेमकी अशी की जिला उच्चारशास्त्रात नाव नाही! त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या भाचीचा खांदा धरला.

“हा काय प्रकार आहे? कोणाचे बघून शिकली ही गाढवे?” त्यांनी घसा साफ केला आणि चष्मा सरकवला. “कोणाचे?”

भाचीने त्यांच्या करंगळीकडे पाहिले, मग त्यांच्याकडे. “सर—” ती म्हणाली, आणि तेवढ्यात तिचा पुकारा झाला.

ती ध्वनिक्षेपकासमोर जाऊन उभी राहिली तेव्हा सभागृह आधीच हसत होते. त्यांना आता खेळ कळला होता. मागच्या रांगेतून दोघातिघांनी आगाऊच खाकरून दाखवले. हसणे संपेपर्यंत भाची नुसती उभी राहिली, टाचा जुळवून सुद्धा नाही, बस थांब्यावर उभी असते तशी. मग तिने बोलायला सुरुवात केली. शब्द मास्तरांचे होते, पण ते ती स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर बसून आईला शाळेतली हकिगत सांगे त्या आवाजात आले. “आपण विचार करतो असं आपल्याला वाटतं,” ती म्हणाली; कागदावर ‘असे’ होते. जिथे दोन रेघा होत्या तिथे ती थांबली नाही, आणि जिथे एकही नव्हती तिथे थांबली. घसा नाही. करंगळी नाही. कोणी हसले नाही. मागच्या रांगेतल्या दोघातिघांची निराशाच झाली.

मास्तरांनी विंगेत बोटे मोडली. पूर्ण श्वास खाल्ले! बोली भाषा घुसडली! चौघांत सर्वांत वाईट हीच, असे ठरवून त्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली.

निकाल सांगायला परीक्षक बाई बसल्या जागेवरूनच बोलल्या. त्यांना ध्वनिक्षेपक लागला नाही.

“पहिल्या गटाने मेहनत केली आहे. मुलं ओली झाली, आम्ही कोरडे राहिलो.” मास्तरांच्या ओठांच्या कडा हलल्या. “दुसरा गट. मी इतक्या वर्षांत शाळेतल्या मुलांचा एवढा सराईत अभिनय पाहिलेला नाही. स्वतंत्र विचारावरचं भाषण, आणि तिन्ही मुलं एकाच घोकंपट्टी मास्तरची हुबेहूब नक्कल! तो घसा, ती करंगळी, तो अवघडलेला कोपर! अशी माणसं मी पाहिली आहेत, नोकरीत एकीच्या हाताखाली कामही केलं आहे. विडंबन इतकं बारकाईनं करायला धैर्य लागतं. शेवटची मुलगी मात्र यात बसली नाही. ती नक्कल विसरली आणि सरळ बोलली. फार चांगली बोलली, पण अभिनय म्हणून पाहिलं तर खेळ तिथे सुटला. तरी पहिला क्रमांक दुसऱ्या गटाला, निर्विवाद. हे बसवलं कोणी? त्यांनी वर यावं.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. मास्तर रंगमंचावर आले. बाईंचे बोलणे त्यांनी ऐकले होते, पण त्यांच्या ध्यानात एवढेच राहिले होते की कुठल्याशा चुकीच्या कारणासाठी आपण जिंकलो आहोत, आणि चुकीचे कारण दुरुस्त करणे हे तर त्यांचे कामच होते. ते ध्वनिक्षेपकापुढे ताठ उभे राहिले. टाचा जुळल्या.

“परीक्षक महोदया,” अर्धा श्वास. “आपल्या निवेदनात एक,”

आणि त्यांनी घसा साफ केला, आणि करंगळीने चष्मा सरकवला.

सभागृह फुटले. मुले बाकांवर उभी राहिली. मोठ्या बाईंनी पदराने तोंड झाकले. एक म्हातारे आजोबा शेजारच्याला गदागदा हलवून विचारत होते, “खरा आहे का हो हा? खरा आहे?” मास्तर बोलायला तोंड उघडत, घसा आपसूक वाजे, आणि हशाची नवी लाट येई. हा आवाज कुठून येतो आहे हे त्यांना ध्वनिक्षेपकाने सांगितले. भिंतीवरच्या कर्ण्यातून तो त्यांच्याकडे परत आला, गंजलेल्या फाटकासारखा, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तो ऐकला.

हसत नव्हत्या त्या फक्त परीक्षक बाई. त्या काठी टेकत रंगमंचाच्या कडेशी आल्या आणि फक्त मास्तरांना ऐकू जाईल असे म्हणाल्या, “माफ करा हो. मला वाटलं, पात्र आहे.”

ज्या आवाजाबरोबर ते आरशासमोर उभे राहून बोलायला शिकले, त्याच आवाजाने हे सांगावे, आणि त्यातही एक जोडाक्षर ओले होऊ नये! मास्तरांनी सुरू केलेले वाक्य तसेच टाकले आणि ते विंगेत गेले.

तिथे नटवर्य उभा होता. त्याने त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. “सर, मानलं,” तो म्हणाला. “मी वर्षभर त्यांना झाड हो, पाणी हो सांगत बसलो. तुम्ही पोरांना थेट माणूस करून दाखवलंत. तोही स्वतःवरूनच बेतलेला! केवढं मन लागतं याला!” त्याच्या डोळ्यांत खरा आदर होता. एवढी वर्षे मास्तर ज्याला त्याला तुच्छ लेखत आले, पण या बावळटाच्या आदराइतके तुच्छ त्यांना आजवर कोणी लेखले नव्हते.

मोठ्या बाईंनी त्यांना जिन्याशी गाठले. त्यांचे डोळे अजून ओले होते. “नियम म्हणजे नियम, सर. तास तुमचा. फक्त वेळापत्रकात नाव अभिनय असं येईल. बक्षीस त्याचंच आहे ना? सोमवारी सांगा, घेताय की ग्रंथालय.” आणि मग, न राहवून, “घ्या हो. मुलं खूश होतील.”

घरी बहीण भाजी निवडत होती. भाची पाण्याचा पेला घेऊन भिंतीशी उभी होती. हकिगत बहिणीला आधीच कळलेली दिसत होती, कारण ती वर बघत नव्हती आणि तिचे खांदे हलत होते.

“हसून घे,” मास्तर म्हणाले.

“हसत नाहीये मी, दादा,” बहीण म्हणाली आणि फसकन हसली. “अरे, भाजीवाल्याला गल्लीच्या तोंडाशी कळतं तू आलास ते. मेथीच्या भावाची पाटी झाकून ठेवतो बिचारा, व्याकरण काढशील म्हणून.”

मास्तर खुर्चीवर बसले. चष्मा नाकावरून घसरत होता. त्यांनी करंगळी उचलली आणि ती हवेतच थांबवली. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“तुम्हा सगळ्यांना ठाऊक होते?”

“अख्ख्या शाळेला ठाऊक आहे, मामा. लहान मुलं मधल्या सुट्टीत मास्तर-मास्तर खेळतात.”

“मग मला का सांगितले नाही?”

“सांगत होते. त्या दिवशी हात वर केला होता मी. तू म्हणालास, सगळं.”

मास्तरांना तो दिवस आठवला. तिचे वाक्य कुठे तोडले तेही आठवले. दुसऱ्यांची अर्धवट वाक्ये ते आयुष्यभर पूर्ण करून घेत आले होते, आणि हे एक त्यांनीच अर्ध्यात कापले होते.

“मग तू का केले नाहीस? बाकीच्यांनी केले.”

“तोपर्यंत लोक हसायला लागले होते.”

“तुला हसतील अशी भीती वाटली?”

“मला नाही,” भाची म्हणाली आणि पाणी प्यायली.

बहिणीने निवडलेली भाजी उचलली, पण आत गेली नाही. सोमवारी मोठ्या बाईंना काय सांगायचे हे मास्तरांना ठरवायचे होते. अभिनयाचा तास घेतला तर जिन्याखालची खोली राहत होती, भिंत राहत होती, शेवटचे बाक राहत होते. आणि दर वर्षी चार नवी पोरे त्यांच्यापुढे उभी राहून त्यांच्याकडे निरखून बघणार होती. नाही घेतला तर दारावर ती पाटी. निर्णयासाठी एक माहिती कमी पडत होती, आणि ती विचारण्याजोगे माणूस त्यांना शाळेत दिसेना. सगळ्यांनाच त्यांनी अडाणी ठरवून ठेवले होते.

“एक विचारतो,” ते म्हणाले. “शिक्षक म्हणून मी कसा आहे?”

“मामा, जाऊ दे ना.”

“उत्तर दे.”

भाचीने आईकडे पाहिले. आईने मान हलवली नाही.

“वाईट,” भाची म्हणाली.

मास्तरांचा घसा भरून आला होता, पण त्यांनी तो साफ केला नाही. “पूर्ण वाक्यात,” ते म्हणाले.

भाचीने पेला खाली ठेवला. सवयीने तिच्या टाचा भिंतीला टेकल्या, पाठ टेकली. मग नेमक्या जागी अर्धा श्वास घेऊन, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा स्वच्छ आवाजात ती म्हणाली:

“सर, तुम्ही वाईट शिक्षक आहात.”